पायलीभर मोहफुलांची मेंबर

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी चैतूचा मेसेज आला, तेव्हा प्रफुल्ल खोब्रागडे नागपूरच्या एका दंतवैद्याची समजूत काढत बसला होता. दंतवैद्यांचं म्हणणं असं, की दोन महिने मेंबर राहून आणि जंगलाच्या तीन फेऱ्या मारून आपल्याला वाघाची शेपटीसुद्धा दिसलेली नाही, तेव्हा मेंबरशिप दोन महिने फुकट वाढवून मिळावी. माणूस दिवसभर लोकांचे दात उपटतो आणि पहाटे उठून भांडतो, याला काय म्हणावं. प्रफुल्लनं लिहिलं, 'सर, वाघ आपल्या हातात नाही.' हे वाक्य त्यानं तीन वर्षांत इतक्यांदा लिहिलं होतं, की 'सर' लिहिलं की पुढचं फोन आपणच सुचवायचा.

चैतू वनखात्याचा रोजंदारीवरचा पहारेकरी. त्याचा मेसेज नेहमीसारखा आखूड होता. 'कानकाटी रोड पार. नाल्याकडं. पिल्लं संगं.'

प्रफुल्लनं दंतवैद्यांना बाजूला ठेवलं. कानकाटी हे वाघिणीचं गावातलं नाव, तिचा डावा कान फाटका म्हणून. पण मेंबरांना असलं नाव कसं चालेल? त्यांनी आठवडाभर वाद घालून, मतदान घेऊन तिचं नाव रागिणी ठेवलं होतं. प्रफुल्लनं लिहिलं, 'शुभ सकाळ परिवार. रागिणी आणि बछडे आत्ताच रस्ता ओलांडून नाल्याच्या बाजूला गेले आहेत. सकाळच्या फेरीला येणाऱ्यांनी पाचव्या किलोमीटरच्या दगडापासून गाडी हळू घ्यावी.'

एवढ्यात बाहेर गल्लीत कोणीतरी खोकलं. दाराच्या फटीतून बॅटरीचा उजेड आत आला, जमिनीवरून सरकत गेला आणि नाहीसा झाला. ती शेजारची रुखमाबाई होती. एप्रिल महिना, मोह पडायचे दिवस. फूल पहाटे पडतं आणि उजाडलं की गुरं, हरणं तोंड घालतात, म्हणून बायका अंधारातच टोपली घेऊन निघतात. प्रफुल्लला खोकला ओळखू आला. तो त्या खोकल्यावर लहानाचा मोठा झाला होता.

त्यानं बटण दाबलं. मेसेज गेला. मग तो पुन्हा दंतवैद्यांकडे वळला.

प्रफुल्ल जंगलाचा गाइड होता, अकरा वर्षं. उघड्या जीपच्या मागच्या सीटवर उभं राहून त्याचा मणका झिजला आणि चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की जीप सोडा नाहीतर चालणं सोडा. जीप सोडून खैरटोल्यासारख्या गावात माणूस करणार काय? त्यानं फेसबुकवर पान काढलं होतं, त्यावर वाघाचे फोटो टाकायचा. फोटोंवर माणसं तुटून पडायची. पुण्याच्या एका ओळखीच्या पाहुण्यानं त्याला समजावलं की ही बातमी फुकट वाटण्यासारखी नाही, हिच्यासाठी लोक पैसे देतील. आणि खरंच दिले. 'व्याघ्रमित्र परिवार' नावाचा बंद गट झाला, सहाशे माणसं महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरू लागली. बायकोनं, दीपालीनं, घरावर नवे पत्रे टाकले, लेकीची, दिव्याची, कॉलेजची फी भरली. जंगल हे प्रफुल्लचं पोट होतंच, आता ते बसल्या जागी भरू लागलं.

फक्त बसल्या जागी माणूस इतका थकतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रोज पहाटे शुभ सकाळ, रोज संध्याकाळी आजच्या दर्शनांचा गोषवारा. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या लग्नाचा वाढदिवस. एकाचा फोटो दुसऱ्यानं आपल्या नावानं लावला म्हणून कज्जा. एक दिवस प्रफुल्ल गप्प राहिला, की शंभर जण विचारत, सर, सगळं ठीक ना? म्हणजे वाघाचं.

"तुया मेंबराईची सकाळ होते रोज," दीपाली म्हणायची. "आपल्या घराची कवा होते का म्हाईत."

आणि एक गोष्ट त्या सहाशेंपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. परिवारात ज्याला लोक 'प्रफुल्ल सरांचा अंदाज' म्हणायचे, तो निम्मा रुखमाबाईचा होता. तिचा नवरा कधीच वारला होता, मुलगा लालसू आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कामाला, बायकापोरांसकट तिकडेच. म्हातारी एकटी. मोह, तेंदूपत्ता, चारोळी, डिंक, जे ज्या दिवसांत मिळेल त्यासाठी जंगलात जायची आणि आठच्या सुमाराला प्रफुल्लच्या ओट्यावर टेकायची. दीपाली चहा द्यायची. चहा फुंकत रुखमाबाई सांगायची की टेकडीकडची वानरं आज वरच्या अंगाला ओरडत होती, की नाल्याच्या वाळूत पाय उमटलेत पण कालचे आहेत, की कानकाटीनं जागा बदलली, पिल्लं आता मोठी झाली. प्रफुल्ल ऐकता ऐकता टाइप करायचा. तिला वाटायचं, पोरगं हिशोबाचं काही लिहितंय.

एवढं सगळं तिच्याकडून गटात जायचं. गटातून तिच्याकडे काही यायचं नाही.

आधी तसं नव्हतं. आधी गावाचा एक फुकटचा व्हॉट्सअॅप गट होता आणि चैतूची बातमी प्रफुल्ल दोन्हीकडे टाकायचा. तिथून कोणीतरी ती भलत्याच गटात पाठवली, एका सकाळी रस्त्यावर तीस गाड्या उभ्या राहिल्या आणि मेंबर खवळले. फुकट्यांना जे मिळतं त्याचे आम्ही पैसे का भरायचे? आठवड्यात पन्नास जण गेले. उरलेल्यांनी नियम केला, की बातमी बारा तास परिवाराबाहेर जाणार नाही. प्रफुल्लनं मान्य केला. न करून सांगतो कोणाला? पोटावर पाय कोण मारून घेतो? सुरुवातीला तो रुखमाबाईला आणि तिच्यासोबत मोहाला जाणाऱ्या सीताला तोंडी सांगायचा, उठून, दारात जाऊन. मग पाठ दुखायची, मग मेसेजच फार असायचे. आणि जंगलात जन्म काढलेल्या बाईला वाघ कुठे आहे हे आपण काय सांगायचं, असंही त्यानं स्वतःला सांगून ठेवलं होतं. आपल्याला सोयीचं असलं, की दुसऱ्याच्या शहाणपणावर आपला फार विश्वास बसतो.

सहा वाजून वीस मिनिटांनी गटात फोटो आला. पुण्याच्या रोशनी मॅडमनी टाकला होता. त्या आणि त्यांचे यजमान गेटकडे निघाले होते, स्वतःच्या गाडीनं, आणि पाचव्या किलोमीटरच्या दगडापासून गाडी हळू घेतली होती. खाली लिहिलं होतं, 'प्रफुल्ल सर, तुमच्यामुळे. डोळ्यांत पाणी आहे.'

फोटो देखणा होता. उजेड कोवळा, जमिनीवर पिवळी फुलं सांडलेली, मोहाच्या बुंध्याशी कानकाटी बसलेली. एक पिल्लू तिच्या पाठीमागे, दुसऱ्याचे नुसते कान. पाच मिनिटांत दीडशे जणांनी बदाम टाकले होते. दंतवैद्यांनी लिहिलं, 'आम्ही कपाळकरंटे.'

प्रफुल्लनं चहाचा कप हातात घेतला आणि सवयीनं फोटो बोटांनी मोठा केला. गावातलं कोणी दिसत नाही ना, खांब नाही ना, हे तो आधी बघायचा. मेंबरांना फोटोत माणसाची खूण चालत नसे. उजव्या कोपऱ्यात, बुंध्यापासून दहा हातांवर, एक टोपली होती. त्यानं ती आणखी मोठी केली. टोपली अर्धी भरलेली होती आणि तिच्या काठाला निळी प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली होती.

ती पट्टी त्यानं स्वतः गुंडाळली होती, मागच्या उन्हाळ्यात, फ्रीजच्या खोक्याची. रुखमाबाई म्हणाली होती, काठ हाताला लागते बापू.

त्यानं कप खाली ठेवला. "दीपा," तो म्हणाला, "काकी आल्या का वापस?"

"नाई. अजून टाइम आहे त्याइले." दीपाली अंगण झाडत होती. त्याचा चेहरा बघून तिनं झाडू खाली टाकला. "काऊन?"

त्यानं फोन तिच्यापुढे धरला आणि टोपलीवर बोट ठेवलं. दीपालीला पट्टी ओळखायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "संगं कोण होतं?"

"एकल्याच गेल्या. सीता काल लग्नाले गेली नं राजुऱ्याले."

"फोन?"

फोन लागत होता, पण आवाज शेजारून येत होता. रुखमाबाईचं बटणाचं डबडं तिच्याच घरात, चुलीजवळच्या देवळीत वाजत होतं.

"लालसूले लावू का?" दीपालीनं विचारलं.

"थांब. काय सांगशीन त्याले?"

ती वनरक्षक बाईंना फोन लावत, गल्लीतली दारं वाजवत पळाली. प्रफुल्लनं पाठीचा पट्टा न बांधताच मोटारसायकल काढली. गावापासून त्या दगडापर्यंत तीन किलोमीटरचा रस्ता. दर खड्ड्याला पाठीतून कळ डोक्यात जात होती आणि वरच्या खिशात फोन थरथरत होता, एकामागून एक, थांबायला तयार नाही. एवढ्या आनंदात लोक असताना तो कसा थांबेल? प्रफुल्लला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती, जमिनीवरून सरकत गेलेला बॅटरीचा उजेड. तेव्हा त्याला फक्त उठायचं होतं. चार पावलं आणि एक हाक.

दगडाजवळ रोशनी मॅडमची गाडी नव्हती, ते गेटवर गेले होते. कानकाटीही नव्हती. मोहाखाली फुलं दबलेली होती आणि टोपली होती तिथेच होती, सरळ, एक फूलही न सांडता. वाघ नेतो तेव्हा टोपली अशी राहत नाही, हे अकरा वर्षांच्या गाइडला कळायला हवं होतं. पण त्या क्षणी तो गाइड नव्हता. मागून गावातली दहा-बारा माणसं मोटारसायकलींवरून उतरून काठ्या आणि डबे वाजवत येत होती, वनरक्षक बाईंची गाडी अजून यायची होती. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून ओरडला, "काकी! ओ काकी!"

कोणी ओ दिली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली.

"बोंबलू नोको," वरून आवाज आला. "पिल्लावाली आहे. नाल्यातच बसेल असन."

नाल्याच्या अलीकडे सीताचं वावर होतं. हरभरा निघून गेला होता, पण राखणीचं मचाण तसंच उभं होतं. त्या मचाणावर, गुडघे छातीशी घेऊन, पदर डोक्यावरून ओढून रुखमाबाई बसली होती. लांबून कोणी गाठोडं ठेवल्यासारखं वाटावं.

प्रफुल्ल वावरातून धावला. इतरांनी मागे रिंगण धरलं. रुखमाबाईला उतरता येत नव्हतं, पाय आखडले होते. त्यानं आणि सीताच्या दिरानं तिला दोन्हीकडून धरून खाली घेतलं. तिचं अंग थंड होतं आणि बारीक थरथरत होतं, पण आवाज रोजचाच होता.

"अर्धी टोपली झाल्ती. मंग पाखरं चूप झाले. म्या मनलं, आली हे. टोपली ठिवली न् पाठ न दाखवता मांगं मांगं सरकत आली. कशी चढली मले म्हाईत नाई."

"कवापासून बसल्या?"

"अंधार होता." ती म्हणाली, "उजाडल्यावर एक गाडी आली. पांढरी. तिथी उभी राह्यली. मले वाटलं, सुटली बाई. आरडावं तं ते उठन, म्हून म्या हात हलवला. असा, दोनी हातानं. गाडीत एक बाई होती. तिनं मले पाह्यलं."

"मंग?"

"तिनं बी हात हलवला," रुखमाबाई म्हणाली. "मंग गेले ते."

सीताचा दीर हसावं की काय ते न कळून दुसरीकडे बघू लागला. प्रफुल्लच्या खिशात फोन थरथरला. त्यानं तो बाहेर काढला नाही.

वनरक्षक बाई आल्या, माणसांना नाल्याकडून मागे लोटलं, रुखमाबाईला गाडीत बसा म्हणाल्या. रुखमाबाई म्हणाली, "फूल उचलतो पयले. ऊन लागलं का वाळून जाते." ते झाड तिचं होतं. म्हणजे सातबाऱ्यावर नव्हे, गावाच्या रीतीनं. तिच्या सासूनं त्याखालचा पाला जाळून जागा साफ केली होती, मग तिनं केली, आणि दुसरं कोणी त्या झाडाखाली वाकत नसे. बाईंनी घड्याळ बघितलं, माणसं चारी बाजूंनी उभी केली आणि दहा मिनिटं दिली.

रुखमाबाई वाकली. प्रफुल्लही तिच्याशेजारी वाकला. पाठीतून सणक गेली, तरी तो वाकून एकेक फूल टोपलीत टाकू लागला. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे तो पाहुण्यांना अकरा वर्षं सांगत आला होता. स्वतः असं वाकून त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"तुले म्हाईत होतं?" रुखमाबाईनं विचारलं. तिनं मान वर केली नव्हती.

त्याला खोटं बोलता आलं असतं. तिला फोनमधलं काय कळणार होतं? "हो," तो म्हणाला.

"कवा?"

"चार वाजता. चैतूनं सांगतलं. तुमी दारावरून गेल्या तवाच."

ती फुलं वेचत राहिली. तिच्या बोटांत फूल दबत नसे, त्याच्या बोटांत प्रत्येक दुसरं दबत होतं. मग ती म्हणाली, "खोकली होती मी."

"हो."

"आयकलं असन तू."

"आयकलं, काकी."

तिनं टोपली उचलून काखेला लावली आणि वनरक्षक बाईंच्या गाडीकडे चालू लागली. त्याच्याशी ती मग काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो, हे तिलाही ठाऊक असणार.

घरी आल्यावर दीपालीनं त्याच्या पाठीला शेक दिला. पालथा पडल्या पडल्या त्यानं गट उघडला. रोशनी मॅडमनी दहा सेकंदांचा व्हिडिओही टाकला होता. गाडीची काच बंद, आत थंड हवेचा आवाज. मचाणावर एक छोटी आकृती, दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होती. एकदा, दोनदा, मग पुन्हा. गाडीतली बाई हलक्या आवाजात हसली आणि तिचा गोरा, अंगठ्यांचा हात काचेसमोर हलला. खाली लिहिलं होतं, 'आणि एका गोड आजींनी आमचं असं स्वागत केलं! इथली माणसं किती निर्मळ आहेत.' चारशे बदाम.

दीपालीनं त्याच्या खांद्यावरून व्हिडिओ पाहिला. शेकाचं फडकं तिच्या हातात तसंच राहिलं. "हे पुसून टाक," ती म्हणाली.

त्यानं ते पुसलं नाही. त्याला ते पुसण्याचा हक्क आहे असं वाटलं नाही. त्यानं खाली लिहिलं, 'ही आजी स्वागत करत नव्हती. ती मदत मागत होती. फोटोत उजवीकडे टोपली आहे, ती तिची आहे. वाघिणीची बातमी मला चार वाजता कळली होती आणि मी ती तिला सांगितली नाही, तुम्हाला सांगितली. चूक रोशनी मॅडमची नाही. माझी आहे.' मग थोडं थांबून लिहिलं, 'आजपासून बातमी आधी गावाला जाईल, मग परिवाराला. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कळवावं.'

लिहिताना त्याला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. उशीर झाल्यासारखं वाटलं. पहिला तासभर सगळे हळहळले, हात जोडले, आजींना नमस्कार सांगा म्हणाले. मग एकानं विचारलं, की आधी म्हणजे किती आधी? दुसऱ्यानं तीस गाड्यांची आठवण काढली. दुपारपर्यंत त्रेचाळीस जण गेले होते, आणि गेलेल्यांपैकी बहुतेकांनी आधी हात जोडले होते. दंतवैद्य राहिले. त्यांना अजून वाघ दिसायचा होता.

रोशनी मॅडमनी वेगळा मेसेज केला. 'मला झोप लागणार नाही आता. खरंच कळलं नाही हो. आजींना एक साडी पाठवू का?' प्रफुल्लला त्यांचा राग आला नाही. त्या शहरातून आल्या होत्या, त्यांनी एक हात हलताना पाहिला आणि आपला हलवला. तो मात्र खोकला ओळखत होता.

चारच्या सुमाराला रुखमाबाई आली. अंघोळ करून, केस विंचरून, जणू बाजारला निघाल्यासारखी. डोक्यावर टोपली होती, निळ्या पट्टीचीच. ती ओट्यावर टेकली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "तुया त्या गटात यावाले काय लागते?"

प्रफुल्ल उठून बसला. "काकी..."

"काय लागते ते सांग."

"तुमाले कायचे पैसे लागते? तुमाले मी असाच..."

"असाच नाई," रुखमाबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "असाच तं सांगत होता तू पयले. मंग विसरला. पैसेवाल्याइले एक दिस तरी विसरला का?"

दीपाली आतून दारात येऊन उभी राहिली होती.

"पैसे नाई माह्यापाशी आता. मोह इकला का येतीन. तवरिक हे घे." तिनं टोपली खाली घेतली. आत वाळलेली मोहफुलं होती आणि त्यात तिची लाकडी पायली खुपसलेली. तिनं पायली फुलांत बुडवली, काठोकाठ भरली, वरचं शीग हातानं सपाट केलं आणि दीपालीपुढे धरली. दीपालीनं नवऱ्याकडे बघितलं. त्याला नको म्हणायचं होतं. पण नको म्हटलं, तर ती पुन्हा फुकटातली होणार होती, हे त्याला आता कळत होतं. दीपाली आत जाऊन सूप घेऊन आली आणि रुखमाबाईनं पायली त्यात उपडी केली.

"झाली मी मेंबर?"

"झाल्या," प्रफुल्ल म्हणाला.

"मंग आयक. माह्या फोनात ते चित्रं येत नाई. तू नुसती एक घंटी मार न् काट. घंटी आली तं मी जात नाई. दुसऱ्याइले मी सांगन, ते माह्याकडं." ती जायला वळली. प्रफुल्ल मागून म्हणाला, "त्या गाडीतल्या बाई लुगडं पाठवतो मनतेत तुमाले."

रुखमाबाईनं जरा विचार केला. "लुगडं नोको मनाव. काच उघडी ठिवत जा मनाव."

दुसऱ्या दिवशी चैतूचा मेसेज चारला पाच मिनिटं कमी असताना आला. 'नाल्यावरच. हालली नाई.' प्रफुल्ल जागाच होता. अंगठा सवयीनं परिवाराकडे गेला, शुभ सकाळ लिहूनही झालं. ते त्यानं पुसलं, बटणाच्या फोनचा नंबर लावला, एक घंटी ऐकली आणि कापला. मग पट्टा बांधून, भिंतीला धरून तो उठला आणि त्यानं दार उघडलं. चार पावलंच होती.

रुखमाबाईच्या अंगणात बॅटरी पेटलेली होती. ती निघण्याच्या बेतात असावी. उजेड जागच्या जागी थांबला. टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग उजेड गल्लीत आला आणि लग्नाहून परतलेल्या सीताच्या दाराशी गेला. कडी वाजली, दोन शब्द झाले, सीताच्या हातातला उजेड विझला. तिथून ती पलीकडच्या दाराशी गेली, मग त्याच्या पलीकडच्या. एकेक बॅटरी विझत गेली आणि बायका परत आत गेल्या. त्या दिवशीचा मोह त्यांचा बुडाला, जंगलातल्या हरणांनी खाल्ला असेल.

शेवटी तिची एकटीची बॅटरी परत येताना दिसली. प्रफुल्ल अंधारात दारातच उभा होता, तिला तो दिसला की नाही कळलं नाही. हातातला फोन थरथरला, दंतवैद्य विचारत होते, 'सर, आज काही?' बॅटरी त्याच्या दारासमोर आली. थांबली. रुखमाबाई मुद्दाम एकदा खोकली, आणि आपल्या घरात गेली.